टीव्हीवरचा विजेता आणि तालुक्याची प्रश्नमंजूषा

तालुक्याच्या एका गावातील माध्यमिक शाळेच्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत मोठे यश मिळवून आला असून आता आठवी-नववीच्या मुलांसाठी आंतरशालेय स्पर्धा घ्यावी अशी त्याची इच्छा आहे. चोवीस शाळा संघ पाठवायला तयार आहेत, आणि रविवारी शाळेचे सभागृह व वर्गखोल्या मोकळ्या असतात. तेव्हा सगळी स्पर्धा त्याच्यावर सोपवावी का, आणि सोपवल्यास कशाकडे लक्ष द्यावे? मी महाविद्यालयात असताना अशाच एका कार्यक्रमात विजेता ठरलो होतो आणि गेली बावीस वर्षे सातारा, सांगली, कोल्हापूर भागात शालेय स्पर्धा घेत आलो आहे, म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने देतो.

स्पर्धा त्याच्यावर अवश्य सोपवावी, मात्र एकट्यावर सोपवू नये. बाई, उत्तर देण्याचे कसब आणि प्रश्न काढण्याचे कसब यांत आपल्याला वाटते त्याहून फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर विजेत्याला स्वतःला सर्वांत शेवटी कळते. मी घेतलेल्या पहिल्या स्पर्धेत अठरा शाळा होत्या. चाळणी फेरीच्या लेखी परीक्षेसाठी तीस प्रश्न मी स्वतः काढले होते, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे मला एके काळी आली होती, ज्यांच्यावर टाळ्या पडल्या होत्या, असेच प्रश्न मी वेचून घेतले होते. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाला तीसपैकी अकरा गुण पडले आणि बहुतेक संघ तीन-चारवर थांबले. तिसऱ्या रांगेतील एका मुलीने समासात १ ते ३० आकडे सुवाच्य अक्षरात आधीच लिहून ठेवले होते. चार ठिकाणी तिने उत्तर लिहून खोडले, मग पेन्सिल पेटीत ठेवली आणि वेळ संपायला वीस मिनिटे असताना कागद पालथा घालून ती खिडकीबाहेर पाहत बसली. माझ्या प्रश्नपत्रिकेने तिला काय शिकवले याचा विचार मी त्यानंतर प्रत्येक प्रश्न काढताना केला आहे. आपल्याला काही येत नाही, एवढेच ती शिकून गेली, आणि ते खोटे होते.

तेव्हापासूनचा माझा नियम असा आहे की सामान्य तयारीच्या संघाला निम्मे प्रश्न आलेच पाहिजेत, सर्वांत दुबळ्या संघाला पाच-सहा तरी यावेत, आणि एकाही संघाला न आलेले प्रश्न शंभरात पाचापेक्षा अधिक नसावेत. कोणालाच न येणाऱ्या प्रश्नातून कोणता संघ किती पाण्यात आहे ते कळत नाही, त्यातून केवळ प्रश्न काढणाऱ्याचे वाचन दिसते. आपल्या माजी विद्यार्थ्याला हे आधीच सांगून ठेवावे, आणि त्याने काढलेले पहिले पन्नास प्रश्न स्पर्धेबाहेरच्या एखाद्या शाळेतील आठवीच्या पाच-सहा मुलांसमोर त्याने स्वतः वाचून पाहावेत. मुलांचे चेहरे पाहूनच त्याला बरेचसे उमगेल.

या क्षेत्रातील सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील केन जेनिंग्ज यांचे आहे. २००४ मध्ये 'जेपर्डी' या दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत त्यांनी सलग ७४ सामने जिंकले आणि २५,२०,७०० डॉलर मिळवले. सॉल्ट लेक सिटीतील एक संगणक अभियंता म्हणून जग त्यांना ओळखू लागले, परंतु त्याआधीच ते ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या प्रश्नमंजूषा संघातून खेळलेले होते, आणि नॅशनल अॅकॅडेमिक क्विझ टूर्नामेंट्स या संस्थेसाठी साहित्य व पुराणकथा या विषयांचे प्रश्न लिहिण्याचे आणि तपासण्याचे काम करीत होते. १९९६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांना प्रश्नसंच पुरवते आणि राष्ट्रीय स्पर्धाही भरवते. म्हणजे जेनिंग्ज यांच्या बाबतीत प्रश्न लिहिण्याची मेहनत आधीची आणि प्रसिद्धी नंतरची. आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत क्रम उलटा आहे, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त ती मेहनत त्याला आता करावी लागेल.

त्या स्पर्धांमधील प्रश्नाची घडण आपण जरूर उचलावी, कारण ती ज्ञानाला न्याय देते. आपल्याकडे बझर फेरीतील, म्हणजे आधी घंटी वाजवणाऱ्याने उत्तर द्यायच्या फेरीतील, प्रश्न साधारण असा असतो : 'बुलढाणा जिल्ह्यातील उल्कापाताने निर्माण झालेले सरोवर कोणते?' हा प्रश्न ऐकताच सगळ्या संघांचे हात एकाच क्षणी पडतात, आणि ज्याचा अंगठा चपळ त्याला गुण मिळतात. दूरचित्रवाणीवर तर हे आणखी ठळकपणे घडते. 'जेपर्डी'मध्ये १९८५ पासून असा नियम आहे की सूत्रसंचालकाने प्रश्न वाचून संपवल्याशिवाय बटण दाबता येत नाही, आणि आधी दाबणाऱ्याचे बटण पाव सेकंद बंद पडते. प्रेक्षकांना प्रश्न पूर्ण ऐकू यावा म्हणून हा नियम योग्यच आहे, परंतु त्यामुळे तिन्ही स्पर्धकांना उत्तर येत असेल तर सामना बोटांवर जातो. शालेय स्पर्धेत प्रश्न मध्येच तोडण्याची, म्हणजे तो वाचून संपण्याआधीच घंटी वाजवून उत्तर देण्याची, मुभा द्यावी आणि प्रश्नच असा रचावा की ज्याला विषय अधिक खोलवर माहीत आहे त्याला तो आधी ओळखता येईल. तोच लोणारचा प्रश्न मी पुढीलप्रमाणे लिहितो.

'येथील दैत्यसूदन मंदिराशी लवणासुराच्या वधाची कथा जोडलेली आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या ठिकाणाची नोंद केली. नांदूर मधमेश्वरनंतर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेले हे महाराष्ट्रातील दुसरे ठिकाण होय. जून २०२० मध्ये येथील पाणी गुलाबी झाले, आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसे घडल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसून आले. दहा गुणांसाठी सांगा, बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून झालेले बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर कोणते?'

यात पहिले वाक्य अवघड आणि शेवटचे सोपे आहे. ज्याने लोणारविषयी मनापासून वाचले आहे तो पहिल्या-दुसऱ्या वाक्यावर घंटी वाजवतो, वर्तमानपत्र वाचणारा चौथ्या वाक्यावर, आणि ज्याने केवळ भूगोलाचा धडा वाचला आहे त्यालाही शेवटी संधी राहते. अमेरिकेत या रचनेला पिरॅमिड म्हणतात. जेनिंग्ज काम करीत होते त्या संस्थेच्या सामन्यात प्रश्नाच्या पूर्वार्धात बरोबर उत्तर दिल्यास १५ गुण, नंतर दिल्यास १० आणि प्रश्न तोडून चुकीचे उत्तर दिल्यास ५ गुण वजा, असा हिशेब असतो. आठवीच्या मुलांसाठी पहिल्या वर्षी मी वजा गुण ठेवत नाही, कारण घाबरलेले मूल घंटीला हातच लावत नाही, पण तोडून चुकलेल्या संघाला त्या प्रश्नावर पुन्हा संधी द्यायची नाही, एवढा नियम पुरेसा होतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी की 'अवघड' हे जागेवर ठरते. हाच प्रश्न मेहकर किंवा लोणार तालुक्यात विचारला तर दैत्यसूदन मंदिराचा उल्लेख येताच सभागृहातील प्रत्येक मुलाला उत्तर ठाऊक असेल, आणि तेथे क्रम वेगळा लावावा लागेल. बाजारातील तयार प्रश्नसंच तालुक्याच्या स्पर्धेला चालत नाहीत याचे हे एक कारण आहे.

भारतीय क्विझची स्वतःची एक चाल आहे आणि तीही मुलांपर्यंत पोहोचावी असे मला फार वाटते. नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कोलकात्यात पहिली खुली प्रश्नमंजूषा घेतली, १९८३ मध्ये बंगळूरूत कर्नाटक क्विझ असोसिएशन स्थापन झाली, १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांचा 'क्विझ टाइम' दूरदर्शनवर आला आणि माझ्या पिढीतील अनेक जण त्यामुळेच या नादाला लागले. या परंपरेत पाठांतरापेक्षा तर्काने सोडवायच्या प्रश्नांना अधिक मान मिळत गेला. उदाहरणार्थ, मी एकदा विचारले होते : '१५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनानीच्या नावावरून एका फळाच्या जातीला नाव पडले असे मानतात. मराठीत ते नाव इतके बदलले आहे की मूळ शब्द सहज ओळखू येत नाही. ती जात कोणती?' तीन मुलांचा एक संघ होता, दोघांनी मान हलवली. तिसऱ्याचे वडील हंगामात आंब्याच्या पेट्या विकत असत. तो पुटपुटत राहिला, 'पेटीवर इंग्रजीत अल्फान्सो लिहिलेलं असतं…' आणि मग एकदम उभाच राहिला. आफोन्सो द अल्बुकर्क हे नाव त्याने कधी ऐकलेले नव्हते, तरी हापूस त्याने शोधून काढला. जे मुलाच्या घरात आधीच पडून आहे त्याला हात घालणारा प्रश्न हा माझ्या मते शालेय स्पर्धेतील सर्वांत मोलाचा प्रश्न होय. चावी, पगार, तुरुंग, बटाटा हे शब्द कोणत्या भाषेतून मराठीत आले, असे विचारले तरी वसईचे मूल आणि साताऱ्याचे मूल दोघेही विचार करू लागतात.

याउलट 'भारताचे नववे राष्ट्रपती कोण?' या प्रश्नात विचाराला जागाच नसते. असे प्रश्न शंभरात दहापेक्षा जास्त नसावेत. विजेत्यांना चित्रपट आणि क्रिकेटच्या प्रश्नांचाही मोह असतो. वीस प्रश्नांच्या संचात मी विज्ञान-गणिताचे पाच, इतिहास-नागरिकशास्त्राचे चार, भाषा-साहित्याचे चार, भूगोलाचे तीन, आणि कला, खेळ, परिसर यांचे मिळून चार प्रश्न ठेवतो, व या शेवटच्या चारांत चित्रपट आणि क्रिकेट मिळून एकच.

प्रश्नापेक्षाही उत्तराची ओळ लिहायला अधिक वेळ द्यावा, आणि तिथेच बहुतेक स्पर्धा कोसळतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. त्यानंतरच्या वर्षी एका स्पर्धेत मी गुणलेखक म्हणून बसलो होतो. प्रश्न होता, 'महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा कोणता?' संघाने अहमदनगर सांगितले, प्रश्नपत्रिकेवर ठाणे होते, आणि उत्तर चूक ठरवण्यात आले. क्षेत्रफळाने अहमदनगर मोठा, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येने ठाणे मोठा, पण विभाजनानंतर लोकसंख्येत पुणे पुढे गेलेला, आणि प्रश्नात क्षेत्रफळ की लोकसंख्या याचा उल्लेखच नाही. संघाचे सर उभे राहिले, दुसऱ्या शाळेचेही उभे राहिले, वीस मिनिटे कार्यक्रम थांबला, आणि ज्या मुलीने बरोबर उत्तर दिले होते ती त्या वेळी रडत होती. तिला शेवटपर्यंत गुण दिले गेले नाहीत. आज तर त्या जिल्ह्याचे अधिकृत नावही अहिल्यानगर झाले आहे, त्यामुळे उत्तरपत्रिकेवर दोन्ही नावे 'स्वीकारावे' या शब्दापुढे लिहिलेली हवीत. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव यांच्याबाबतही तसेच करावे.

प्रत्येक उत्तराखाली तीन गोष्टी लिहाव्यात : काय स्वीकारावे, कशावर 'पूर्ण सांगा' असे म्हणावे, आणि काय नाकारावे. 'कर्वे' एवढेच उत्तर आले तर धोंडो केशव, रघुनाथ धोंडो की इरावती हे ठरत नाही, म्हणून तेथे पूर्ण नाव विचारायचे. सेमी इंग्रजीच्या मुलांना विज्ञान आणि गणित इंग्रजी संज्ञांनी शिकवले जाते. त्यांनी 'फोटोसिंथेसिस' म्हटले आणि पत्रिकेवर 'प्रकाशसंश्लेषण' एवढेच छापलेले असले की प्रश्न वाचणारा गोंधळतो. 'संवेग' आणि 'मोमेंटम' दोन्ही लिहावे, मग कोणत्याही माध्यमाच्या मुलावर अन्याय होत नाही. उत्तराच्या खऱ्याखोट्यासाठी दोन आधार पाहावेत. मी बालभारतीची पाठ्यपुस्तके, मराठी विश्वकोश आणि शासनाची जिल्हा गॅझेटियरे यांवर सर्वाधिक विसंबतो. सामान्य ज्ञानाच्या जुन्या गाइडमध्ये अजूनही महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आढळतात, म्हणून तेथून उचललेला प्रश्न तपासल्याशिवाय वापरू नये. तसेच 'भारतातील सर्वांत लांब नदी' यासारखे प्रश्न मुळातच टाळावेत, कारण सिंधू आणि ब्रह्मपुत्रा यांची भारतातील लांबी मोजायची की संपूर्ण लांबी, यावर उत्तर बदलते.

आता रविवारच्या आखणीकडे वळतो. आपल्याकडे प्रचलित असलेली पद्धत अशी की सकाळी लेखी चाळणी होते, त्यातून सहा संघ मंचावर जातात आणि उरलेली मुले दिवसभर सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. चोवीस संघांतील अठरा संघ पहाटेची एसटी पकडून येतात आणि चाळीस मिनिटांच्या लेखी परीक्षेनंतर त्यांचा सहभाग संपतो. ही पद्धत आपण बदलावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याजवळ वर्गखोल्या आहेत, हेच मोठे भांडवल आहे. चोवीस संघांचे सहा-सहाचे चार गट पाडावेत. गटातील प्रत्येक संघ उरलेल्या पाचांशी खेळेल. एका फेरीत बारा सामने बारा खोल्यांत एकाच वेळी होतील आणि पाच फेऱ्यांत साठही सामने पार पडतील. वीस प्रश्नांच्या सामन्याला खोली बदलण्यासह अर्धा तास धरला तर साडेनऊला सुरू केलेले काम जेवणाआधी संपते, आणि तोवर सर्वांत मागे पडलेल्या संघानेही शंभर प्रश्न ऐकलेले असतात, पाच अनोळखी शाळांशी हात मिळवलेले असतात. दुपारी प्रत्येक गटातील पहिले दोन असे आठ संघ उपउपांत्य फेरीत जातील.

उरलेल्या सोळा संघांसाठी सभागृहात पाटीची फेरी घ्यावी. प्रत्येक संघाला एक पाटी आणि पेन्सिल द्यावी, प्रश्न वाचावा, तीस सेकंदांनी सर्वांनी पाट्या एकदम वर कराव्यात. मला या फेरीतील तो क्षण अतिशय प्रिय आहे. सोळा पाट्या एकाच वेळी वर येतात, कुठे ऱ्हस्वदीर्घ चुकलेले असते, कुठे ओल्या बोटाने पुसून घाईने दुसरे उत्तर लिहिलेले असते, आणि प्रत्येक मूल शेजारच्या पाटीकडे पाहत असते. शुद्धलेखनासाठी गुण कापू नयेत. या फेरीला स्वतंत्र बक्षीस ठेवावे.

अंतिम सामना आपण मंचावर, सर्वांसमोर घ्याल. दोन संघांऐवजी चार-सहा संघांची अंतिम फेरी ठेवायची असेल तर प्रश्न ठरलेल्या क्रमाने एकेका संघाला विचारून 'पास' करत जाण्याची जुनी रीत सोडून द्यावी, कारण तीत दुबळ्या संघाच्या शेजारी बसणाऱ्याला आयते गुण मिळतात. त्याऐवजी ज्या संघाने मागील प्रश्नाचे उत्तर दिले त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू करावा आणि अर्धे प्रश्न झाल्यावर दिशा उलटी फिरवावी. क्विझवाले याला इन्फिनिट बाउन्स म्हणतात. पाउन्सची, म्हणजे आपली पाळी नसताना लेखी उत्तर देऊन वजा गुणांचा धोका पत्करण्याची सोय शालेय स्पर्धेत पहिली दोन-तीन वर्षे नको, गुणलेखकांचीच तारांबळ उडते. बझरसाठी पहिल्याचाच दिवा लागून बाकीचे बंद होतील असा एक विजेचा संच अंतिम सामन्यापुरता मिळवावा. खोल्यांमध्ये वेगवेगळ्या आवाजाच्या दोन टेबल-घंट्या पुरतात.

कामाचा हिशेब आपण आताच मांडून पाहावा. सकाळच्या पाच फेऱ्यांचे पाच संच, बाद फेऱ्यांचे तीन आणि अडचणीसाठी राखीव एक, असे नऊ संच, म्हणजे १८० प्रश्न होतात. पाटीच्या फेरीचे चाळीस धरून एकूण २२०. लोणारच्या प्रश्नासारखा एक प्रश्न शोधून, लिहून, दोन आधारांवर तपासून पूर्ण करायला मला आजही अर्धा तास लागतो. हे ११० तासांचे काम झाले, आणि नोकरी करणारा माणूस रोज दोन तास बसला तरी त्याला पंचावन्न दिवस लागतील. म्हणूनच मी आरंभी म्हणालो की एकट्यावर सोपवू नये. वेगवेगळ्या शाळांतील निवृत्त शिक्षक, महाविद्यालयात शिकणारी वाचनवेडी मुले-मुली अशी चार माणसे त्याच्यासोबत द्यावीत आणि त्याला मुख्य संपादक करावे. दुसऱ्याचा प्रश्न नीट करताना तो स्वतः जितका शिकेल तितका अन्य कशानेही शिकणार नाही. याखेरीज बारा खोल्यांसाठी बारा वाचक आणि बारा गुणलेखक लागतील. वाचकांना आदल्या शनिवारी तासभर मोठ्याने वाचायला लावावे. नावांचे उच्चार अडखळले की प्रश्नाचा तोल जातो, आणि घंटी वाजताच त्याच अक्षरावर थांबायची सवय सरावानेच लागते.

एक नाजूक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. प्रश्न काढणारा आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी आहे, म्हणून पहिल्या वर्षी आपल्या शाळेचा संघ स्पर्धेत उतरवू नये. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु यजमान संघ जिंकला तर इतर शाळा परतीच्या वाटेवर काय बोलतील ते आपल्याला माहीत आहे, आणि तो संशय त्याच्या नावाला कायमचा चिकटेल. अमेरिकेत १९५० च्या दशकात 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमाचा लाडका विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन कोलंबिया विद्यापीठात शिकवत होता. आपल्याला उत्तरे आधीच दिली जात होती अशी कबुली त्याने नोव्हेंबर १९५९ मध्ये तेथील संसदेच्या उपसमितीसमोर दिली, आणि कोलंबियातील त्याची शिक्षकी संपली. शैक्षणिक स्पर्धाही यातून सुटलेल्या नाहीत. जेनिंग्ज ज्या प्रश्नसंस्थेसाठी लिहीत तिच्या संकेतस्थळावरील प्रशासकीय पानांपर्यंत संघातील एका सदस्याची पोहोच होती असे आढळल्यावर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची चार राष्ट्रीय विजेतेपदे काढून घेण्यात आली. त्या पानांचा लाभ घेतला की नाही हे सिद्ध करण्याची वाट पाहिली गेली नाही, पोहोच होती एवढेच पुरेसे मानले गेले, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. आपल्या स्पर्धेपुरते सांगायचे तर प्रत्येक फेरीचा संच वेगळ्या सीलबंद पाकिटात ठेवावा, सर्व खोल्यांत एकाच वेळी संघांसमोर फोडावा, आणि आपल्या शाळेच्या मुलांना पाहुण्या शाळांना खोल्या दाखवण्याची व फलकावर गुण लिहिण्याची कामे द्यावीत. पुढील वर्षी प्रश्न काढणारी मंडळी तालुक्याबाहेरची असतील तर आपला संघही सुखाने खेळू शकेल.

संघनिवडीविषयी इतर शाळांना पत्रात एक विनंती करावी. बहुतेक शाळा वर्गात पहिली आलेली तीन मुले पाठवून मोकळ्या होतात. माझा अनुभव असा की अवांतर वाचणारे, रेडिओ ऐकणारे, दुकानात बसून वर्तमानपत्राच्या पुड्या वाचणारे मूल अनेकदा मधल्या किंवा मागच्या बाकावर असते. २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'मध्ये एक कोटी रुपये जिंकणाऱ्या बबिता ताडे अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील शाळेत महिना १५०० रुपयांवर मुलांसाठी खिचडी शिजवत होत्या. कोणाजवळ काय साठलेले आहे हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. म्हणून वीस प्रश्नांची एक छोटी चाचणी तयार करून आपण प्रत्येक शाळेला पाठवावी, आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाला ती देऊ द्यावी, आणि तीवरून संघ निवडावा असे सुचवावे. संघ तिघांचा ठेवावा आणि त्यात किमान एक मुलगी असावी, असा नियम मी करतो. मुंबईच्या विज्ञान शिक्षक मंडळाची १९८१ पासून चालणारी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी व नववीच्या एकेका मुलाची लेखी, प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत अशी कसून पारख करते, आणि ती उत्तमच आहे. प्रश्नमंजूषेत मात्र तिघांनी डोके एकत्र आणून कुजबुजायचे असते, आणि त्या कुजबुजीत एकाने दुसऱ्याचे ऐकून घेणे हेच अनेकदा निर्णायक ठरते.

विजेत्याने मंचावर स्वतःच्या विजयाची हकीकत सांगावी का, असेही आपण विचारले आहे. उद्घाटनात पाच मिनिटे जरूर सांगावी. मुलांना ती ऐकायची असते आणि त्यांच्यातलाच एक जण तिथवर पोहोचला हे पाहून त्यांना बळ येते. त्यानंतर दिवसभर त्याने प्रश्न, उत्तर आणि आवश्यक तेवढा एक-दोन वाक्यांचा खुलासा यापलीकडे बोलू नये. चुकलेल्या उत्तरावर हसू नये, 'अरे, हे तर सोपं होतं' असे कधीही म्हणू नये. मुलाने चुकीचे पण विचारपूर्वक उत्तर दिले असेल तर ते का जवळचे होते हे सांगावे.

खर्च फार येत नाही. प्रवेशशुल्क घेऊ नये, दुपारचे जेवण द्यावे, आणि मोठ्या ढालींऐवजी पुस्तके द्यावीत. अंतिम सामना चारच्या आत संपलाच पाहिजे, कारण दूरच्या गावांची शेवटची एसटी कोणासाठी थांबत नाही. आणि निघण्यापूर्वी प्रत्येक शाळेच्या शिक्षकांच्या हाती त्या दिवशी वापरलेले सर्व प्रश्न, स्वीकारार्ह उत्तरे आणि आधार छापलेली एकेक प्रत द्यावी. गुप्ततेची गरज त्या क्षणी संपलेली असते. परतीच्या एसटीत मुले ती प्रत एकमेकांच्या हातून ओढून घेतात आणि न आलेले प्रश्न पुन्हा वाचतात, हे मी दर वर्षी पाहतो. राखीव संच वापरला गेला नसेल तर तो मात्र तसाच सीलबंद ठेवावा, पुढच्या वर्षी कामाला येईल.